बीमवर काय घ्यायचं

"मॅडम, आमची पोरगी बीमवर उलटी कधी मारणार?" रांजणगावात जिम्नॅस्टिक्सचा वर्ग चालवायचा तर या प्रश्नाला उत्तर तयार ठेवावंच लागतं. विचारणारे वडील बहुतेक वेळा फर्स्ट शिफ्ट संपवून आलेले असतात, अंगावर कंपनीचा शर्ट आणि गळ्यात गेटपास. कुणी यवतमाळहून आलेले, कुणी बीडहून, कुणी बिहारमधून. एमआयडीसीत फ्रिज, टीव्ही, गाड्या जोडणारी ही माणसं. एखादं काम किती सेकंदांत व्हायला हवं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे "किती महिन्यांत?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मी महिना सांगत नाही. मग त्यांना वाटतं मॅडम टाळतायत, किंवा फी वाढवायचा विचार दिसतोय.

मी टाळत नसते. उलटी शिकवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम नाही. मुलगी धीट असेल, गाद्या जाड असतील, सपोर्ट देणारा हात पक्का असेल, तर उलटी येते. अवघड असतं ते रुटीनमध्ये काय घ्यायचं आणि काय ठेवून द्यायचं हे ठरवणं. त्याचा व्हिडिओ होत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी विचारत नाही.

ज्यांनी बीम जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबी पाच मीटर, उंची सव्वा मीटर, रुंदी दहा सेंटीमीटर. हाताचा पंजा अंगठ्यासकट आडवा ठेवला की रुंदी संपली. त्यावर जास्तीत जास्त ९० सेकंदांत चढायचं, उड्या मारायच्या, एका पायावर गिरकी घ्यायची, हातांवर उलटं व्हायचं, आणि शेवटी उतरायचं, तेही दोन्ही पायांवर. पडलात तर परत चढायला दहा सेकंद मिळतात. यातला हातांवर किंवा हवेत उलटं होण्याचा भाग म्हणजे अ‍ॅक्रो. कार्टव्हील, कमान टाकून हळू पलटायचा वॉकओव्हर, उसळी घेऊन हातांवर मागे जायची फ्लिक, हात न टेकता हवेत मारायची समर हे सगळं त्यात आलं. मुलगी घसरते ती बहुधा इथेच, आणि पालकांचा जीव अडकलेला असतो तोही इथेच.

आमचा बीम कारेगावच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने केला. कंपन्यांना जिग आणि ट्रॉल्या बनवून देणारा माणूस. मी वहीत काढलेलं चित्र त्याच्यासमोर ठेवलं तेव्हा त्याने पहिला प्रश्न केला, "टॉलरन्स किती?" मला हसू आलं, पण प्रश्न अगदी बरोबर होता. दहा सेंटीमीटरच्या जागी साडेनऊ झालं तर लहान मुलीला फरक कळतो. तिचे डोळे नाही सांगत, पाय सांगतात. त्याने लाकडी गाभा घेतला, वर फोम, त्यावर स्वेडसारखं कापड ताणून बसवलं, खाली चॅनेलचे पाय वेल्ड केले. काम नेटकं झालं. तरी स्पर्धेच्या बीमशी त्याची बरोबरी होत नाही. स्पर्धेचा बीम वर आणि खाली दहा सेंटीमीटर असतो, मध्ये फुगून तेरा होतो, आणि पायाखाली किंचित दबून परत उचलतो. आमचा दगडासारखा. उडी मारली की त्याच्याकडून काही परत येत नाही, सगळं मुलीच्या पोटऱ्यांतून काढावं लागतं. मी इथे काय शिकवायचं हे ठरवते त्यात या बीमचाही वाटा आहे.

एका वर्षी माझ्याकडे साधारण एकाच वयाच्या, दहाच्या आसपासच्या दोन मुली होत्या. त्यांच्यासाठी रुटीन बांधताना जे काही घडलं त्यावरून सांगितलं की मुद्दा नीट कळेल.

पहिली मुलगी कारेगावची. आई कामगारांसाठी खानावळ चालवते, वडील पेंट शॉपमध्ये. आधीच्या गावातल्या शाळेत दोरीवरचा मल्लखांब करून आलेली. आपल्याकडे दोरी करून आलेल्या मुली जिम्नॅस्टिक्सला आल्या की मी मनातून खूश होते. उलटं होण्याची भीती त्यांच्यात उरलेली नसते, पाठ मोकळी असते, खांदे उघडे असतात, आणि पायाची बोटं धरायला शिकलेली असतात. मात्र काही सवयी मोडाव्या लागतात. दोरीवर शरीर कशाला तरी वेढा घालतं, पकडतं, अडकतं. बीमवर पकडायला काही नसतं. शिवाय गुडघा जरा सैल राहिला तरी दोरीवर निभावतं. बीमवर त्याच गुडघ्याचे जज गुण कापतात.

दुसरी मुलगी ढोकसांगवीकडची. वडील पाण्याचा टँकर चालवतात. ही पोरगी म्हणजे नुसती उसळी. धावली की थांबायचं कसं हे तिला कळायचं नाही. पण कमान टाकायला सांगितली की खांदे अडायचे, कोपर वाकायचे, आणि चेहरा असा करायची की बघणाऱ्यालाच कसंतरी व्हावं.

पुस्तकात क्रम सरळ दिलेला असतो. आधी कार्टव्हील, मग बॅक वॉकओव्हर, मग फ्लिक, मग समर. गुण कसे द्यायचे ते ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कोडमध्येही वॉकओव्हर आणि कार्टव्हील ए गटात, किंमत ०.१, पाय एकामागोमाग एक टेकवायची फ्लिक बी गटात, ०.२, बीमवरची मागची टक समर सी गटात, ०.३. पालकांना वाटतं, हीच ती शिडी, पायरी पायरीने वर जायचं. मी त्या वर्षी खानावळीतल्या मुलीला बॅक वॉकओव्हर दिला आणि टँकरवाल्यांच्या मुलीला थेट फ्लिकची तयारी सुरू केली, वॉकओव्हर दिलाच नाही. मग काय, दारात कुजबुज सुरू. "तिला वरचं दिलं, आमचीला खालचं का?"

कारण एकच, शरीर. बॅक वॉकओव्हर हळू असतो. खांदे आणि पाठीचा वरचा भाग उघडला तरच तो सुरक्षित. ज्या मुलीचे खांदे उघडत नाहीत ती सगळी कमान कमरेच्या खालच्या मणक्यांतून काढते. एकदोनदा चालतं. रोज केलं, वर्षभर केलं, की कमरेत एका बाजूला दुखायला लागतं. वाढत्या वयात मणक्याच्या मागच्या बाजूच्या हाडाला वारंवारच्या ताणाने बारीक तडा जाऊ शकतो; डॉक्टर त्याला स्पाँडिलोलायसिस म्हणतात, आणि जिम्नॅस्ट मुलींमध्ये तो इतर मुलांपेक्षा जास्त आढळतो. फ्लिकमध्येही पाठ वाकते, पण ती उसळीवर चालते. पायांनी जोर दिला की कमरेवर थांबून राहावं लागत नाही. म्हणून ताठ पाठीच्या, जोरकस पायांच्या मुलीला किमतीने मोठी असलेली गोष्ट अंगाने सोपी जाते. दारातल्या कुजबुजीला मी हे सांगून पाहिलं. निम्म्यांना पटलं. उरलेल्यांना मी टँकरवाल्यांकडून पाणी फुकट घेते असा संशय होता, तो अजून फिटलेला नाही.

आता खानावळीतल्या मुलीकडे येते, कारण खरा खल तिच्या रुटीनवर झाला. जमिनीवर तिला कार्टव्हील यायचं, बॅक वॉकओव्हर सुरेख यायचा आणि फ्रंट वॉकओव्हर त्याहून सुरेख. बघणारा कुणीही म्हणेल, फ्रंट वॉकओव्हर घ्या. मी तो घेतला नाही.

जमिनीवर सोपं ते बीमवर सोपं असतंच असं नाही. बॅक वॉकओव्हरमध्ये मुलगी मागे वाकते आणि वाकता वाकता, हात टेकायच्या बऱ्याच आधी, तिला बीम दिसतो. हात कुठे पडणार हे तिच्या डोळ्यांसमोर असतं. पाय खाली येतानाही डोकं हातांमध्ये, नजर बीमवर. कार्टव्हीलमध्ये तर सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत बीम दिसत राहतो. फ्रंट वॉकओव्हरमध्ये मात्र पाय पुढे येऊन टेकतात तेव्हा नजर वर असते. पाय कशावर पडला हे पडल्यावरच कळतं. जमिनीवर त्याने काही बिघडत नाही, जमीन कुठे जात नाही. दहा सेंटीमीटरवर त्यानेच सगळं बिघडतं. मी तिला दोन्ही लो-बीमवर करून पाहायला सांगितलं, आणि काय वाटलं ते विचारलं. ती म्हणाली, "ताई, पुढच्यात शेवटी बीम हरवतो." मी जे तासभर समजावलं असतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. फ्रंट वॉकओव्हर त्या क्षणी रुटीनमधून गेला.

मुलीला विचारायचं, हे आमच्याकडे अनेकांना पटत नाही. "तिला काय कळतंय, तुम्ही सांगाल ते करेल." करेलच, पण भीतीने करेल. भीतीने केलेली गोष्ट स्पर्धेच्या दिवशी बीमवर चढल्यावर अडकते. हात वर जातात, श्वास घेतला जातो, आणि शरीर पुढे काही करत नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये असल्यांना हे ठाऊक आहे. त्या वेळी खालून ओरडणारा कोच मी पाहिलाय, आणि त्या मुलीने पुढे खेळ सोडलेलाही पाहिलाय. माझा साधा नियम आहे, भीतीबद्दल मुलगी सांगेल ते ऐकायचं आणि आळसाबद्दल सांगेल ते ऐकायचं नाही. दोन्हींतला फरक ओळखायला कोच लागतो.

राहिली मालिका. अ‍ॅक्रोची दोन कौशल्यं मध्ये न थांबता, जास्तीचं पाऊल न टाकता जोडायची. आंतरराष्ट्रीय कोडमध्ये या मालिकेत दोन्ही हवेतली आणि त्यातली एक समर असावी लागते. आपल्याकडच्या लहान वयोगटांत अटी सैल असतात आणि स्पर्धेगणिक बदलतात. परिपत्रक हातात आलं की मी आधी तो भाग वाचते, मग बाकीचं. आमच्यासमोर तीन पर्याय होते. बॅक वॉकओव्हरला बॅक वॉकओव्हर जोडायचा, कार्टव्हीलला बॅक वॉकओव्हर जोडायचा, किंवा वॉकओव्हरला फ्लिक.

पहिला सगळ्यात सोपा. पण एकच कौशल्य दोनदा केलं तर त्याची काठिण्याची किंमत एकदाच धरतात. शिवाय दिशेची अट असते. अ‍ॅक्रोमध्ये एक मागे जाणारी आणि एक पुढे किंवा बाजूला जाणारी गोष्ट हवी, आणि कोडमध्ये तिचा पुरा अर्धा गुण आहे. अर्धा गुण म्हणजे पाच ए कौशल्यांची किंमत. तो असा सोडून द्यायचा नसतो.

तिसरा पर्याय वडिलांना हवा होता, कारण त्यात फ्लिक हा शब्द होता. तिच्या पायांत अजून ती उसळी नव्हती, आणि आमचा बीम तर काही परत देत नाही. वॉकओव्हरमधून येताना वेग हळू असतो, त्यातून लगेच जोर काढायचा तर पोटऱ्या आणि खांदे दोन्ही तयार हवेत. फ्लिक पुढच्या वर्षासाठी ठेवली.

मधला उरला. कार्टव्हील नीट संपलं की मुलीचं तोंड जिथून निघाली तिकडे होतं, आणि तिथून मागे वाकलं की ती त्याच दिशेने पुढे सरकते. म्हणजे दोन्हींचा प्रवाह एकच, वळावं लागत नाही. बाजूला जाणारी गोष्टही आली, मागे जाणारीही आली. फक्त एक अडचण होती. तिचं कार्टव्हील संपताना कंबर पुरती वळायची नाही, नितंब जरासे तिरके राहायचे. जमिनीवर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. बीमवर तसंच मागे वाकली की हात तिरके जाणार, एक हात कडेला. त्या जराशा तिरकेपणासाठी आम्ही आठवडेच्या आठवडे घातले. बीमच्या टोकाला समोर भिंतीवर खडूने रेघ मारली. कार्टव्हील संपलं की बेंबी रेघेकडे. ना उडी, ना उलटी, नुसतं पाय टेकवायचे, कंबर सरळ करायची, हात कानाशी, थांबायचं. पुन्हा. आई डबे पोचवून न्यायला यायची तेव्हा हेच चाललेलं असायचं. त्या माउलीने एकदा विचारलं, "मॅडम, ही रोज भिंतीकडे का बघते?"

वॉकओव्हर मात्र बघत राहावा असा. उजवा पाय पुढे ताणलेला, हात कानाला चिकटलेले, पोट आत. आधी छाती उघडते, मग खांदे, कंबर सगळ्यात शेवटी. नजर मागे मागे जाते आणि बीमचं टोक सापडताच चेहरा एकदम शांत होतो. अंगठे शेजारी शेजारी टेकतात. पाय वरून फाकलेला जातो, पहिलं पाऊल येतं आणि बोटं बीमच्या कडेला किंचित वळतात. ही दोरीवरची सवय, ती मी मोडली नाही.

वडिलांना मी हिशेब मांडून दाखवला. फ्लिक आणि वॉकओव्हरमध्ये फरक ०.१ चा. बीमवर जरा डुललं की ०.१ जातो, जास्त डुललं की ०.३, हात-पाय फेकून कसंबसं सावरलं की ०.५. पडलं की पूर्ण एक. म्हणजे एका दशांशासाठी दहा दशांश पणाला लावायचे. पाय आधी बीमवर टेकले नाहीत तर त्या कौशल्याची किंमतही मिळत नाही, म्हणजे तो दशांशही गेला. पेंट शॉपमधल्या माणसाला रिजेक्शनचा हिशेब शिकवावा लागत नाही. ते म्हणाले, "मग दीपा कर्माकरने कसं केलं?"

प्रश्न रास्त होता, आणि दीपाचं नाव घेतल्याशिवाय भारतातला कुठलाही जिम्नॅस्टिक्सचा वाद संपत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये दीपाने प्रोदुनोवा व्हॉल्ट घेतला, तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या काठिण्यातला. १५.०६६ गुण, चौथा क्रमांक, कांस्य ०.१५० ने हुकलं. पण तिने तो निवडला तेव्हा ती वयात आलेली खेळाडू होती. गुरू बिश्वेश्वर नंदींसोबत पायात तसा जोर तिने आधी कमावला होता. शिवाय व्हॉल्ट काही सेकंदांत संपतो. बीम दीड मिनिट चालतो, आणि त्यात एका जागी घेतलेल्या धोक्याचं सावट पुढच्या प्रत्येक पावलावर पडतं. एवढी धाडसी दीपासुद्धा २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बीमच्या अंतिम फेरीत पाचवी आली. बीम कुणाचंही नाव बघत नाही.

याचा पुरावा पुढे ५ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये सगळ्या जगाने पाहिला. बीमची अंतिम फेरी. अमेरिकेची सुनी ली पडली. सिमोन बाइल्स हवेतल्या उड्यांच्या मालिकेत पडली. दोघींना प्रत्येकी १३.१०० गुण मिळाले. इटलीची अलिचे दामातो बीमवर राहिली आणि १४.३६६ गुणांनी सुवर्ण घेऊन गेली. बाइल्सला जे येतं ते सगळं दामातोला येत नाही, हे दामातोही नाकारणार नाही. पण त्या दुपारी रुटीनमध्ये जे होतं ते तिने बीमवर उभं राहून पूर्ण केलं. फोनवर तो व्हिडिओ मी वर्गातल्या मोठ्या मुलींना दाखवला. एकीने विचारलं, मग सिमोनने सोपं का नाही घेतलं? मी म्हटलं, तिचं अवघड तिच्यासाठी रोजचं होतं, तरी ती पडली. आपलं अवघड तर अजून सणासुदीचंच आहे.

कुठलंही कौशल्य रुटीनमध्ये घ्यायच्या आधी मी एकच गोष्ट तपासते. चांगल्या दिवशी जमतं का हे बघत नाही, थकलेल्या दिवशी जमतं का ते बघते. रांजणगावात थकलेला दिवस शोधावा लागत नाही. संकष्टीला महागणपतीच्या दर्शनाची गर्दी पुणे-नगर रस्त्यावर सांडते. मुली अडकतात, उशिरा येतात, वॉर्मअप अर्धवट होतो. मे महिन्यात पत्र्याखाली बीमचं कापड घामाने ओलं होतं, चॉक लावलं तरी हात सरकतो. अशा दिवशी मी म्हणते, चला, पूर्ण रुटीन. त्या दिवशी जे टिकतं ते स्पर्धेत घ्यायचं.

बालेवाडीला जायचं म्हणजे पहाटे निघायचं. शिक्रापूर, कोरेगाव, वाघोली. वाघोलीत उजाडतं आणि गाड्या जागच्या हलत नाहीत. म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. पुण्याच्या आमच्या बाजूच्या खेडेगावातल्या मुलांना आजही तिथे पाय ठेवला की बोलणं सुचत नाही. तिथला बीम खरा. स्पर्धेआधी प्रत्येकीला बीमवर ३० सेकंदांचा टच, म्हणजे सराव, मिळतो. खानावळीतली मुलगी टच घेऊन खाली आली आणि माझ्या कानात म्हणाली, "ताई, हा हलतो." मी म्हटलं, "हलू दे. तू कार्टव्हीलनंतर भिंतीकडे बघ." तिथे भिंत बरीच लांब होती.

तिने कार्टव्हील-वॉकओव्हर जोडला. मध्ये हात जरा थांबले असं मला वाटलं. जजनी मालिका धरली की नाही हे गुणपत्रकावरून कळायला मार्ग नव्हता. गिरकीत मोठं डुलली. पडली नाही. राउंडऑफने, म्हणजे कार्टव्हीलसारखं जाऊन दोन्ही पाय एकत्र टेकत, उतरली, पाय जागेवर. पदक मिळालं नाही, त्याची तिला फारशी खंतही दिसली नाही; परतताना गाडीत ती आईला फोनवर बीम कसा हलतो तेच सांगत होती. टँकरवाल्यांच्या मुलीची फ्लिक त्या वर्षी रुटीनमध्ये गेलीच नाही. लो-बीमवर जमली होती, उंच बीमवर गाद्या लावून जमली होती, गाद्या काढल्यावर तिने एक दिवस स्वतःहून सांगितलं की नको. तिने कार्टव्हील आणि पुढची कोलांटी घेतली. तिच्या वडिलांनी एक शब्द विचारला नाही. रस्त्यावर टँकर चालवणाऱ्याला ब्रेक कधी मारायचा ते कळत असावं.

उतरायचं काय, हे मी खरं तर सगळ्यात आधी ठरवते. बाकीचं सगळं नीट झालं आणि शेवटी गुडघा मुरगळला तर वर्ष गेलं. आमच्याकडच्या गाद्या स्पर्धेच्या गाद्यांइतक्या जाड नाहीत, म्हणून बीमवरून समर मारून उतरायचं मी इथे शिकवत नाही, फोम पिट असलेल्या हॉलमध्ये नेऊन शिकवते. यावर काही पालक नाराज होतात. होऊ देत.

पुढच्या वर्षी खानावळीतली मुलगी वाढली. पत्र्याच्या खांबावर मी मुलींच्या उंचीच्या खुणा खडूने करते. तिची खूण एका उन्हाळ्यात केवढी तरी वर सरकली. हातपाय लांब झाले, वजनाचा मध्य हलला, आणि जो वॉकओव्हर डोळे मिटून यायचा तो दिवसाआड चुकू लागला. वडील म्हणाले, "मॅडम, हिला विसरायला झालं." विसरली नव्हती, ज्या शरीराला येत होतं ते शरीर राहिलं नव्हतं. आम्ही बीम खाली आणला, रोजचे वॉकओव्हर मोजून कमी केले, पोटाचे आणि खांद्यांचे व्यायाम वाढवले, आणि रुटीनमध्ये तेवढ्या काळापुरती साधं कार्टव्हील ठेवलं. फ्लिक आता तिला लो-बीमवर येते. उंच बीमवर कधी घ्यायची ते ती आणि मी मिळून ठरवू.

ज्यांच्या घरी बीमवर चढणारी मुलगी आहे त्यांना माझी एकच विनंती आहे. उलटी कधी येणार हे कोचला जरूर विचारा, पण आठवड्यातून एकदा मुलीला कमरेबद्दलही विचारा. मागे वाकल्यावर एका बाजूला दुखतं असं ती म्हणाली आणि ते दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही, तर मालिशवाल्याकडे नेऊ नका, हाडांच्या डॉक्टरकडे न्या, आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत वॉकओव्हर बंद ठेवा. कोच रागावला तर त्याला रागावू द्या.